वल्ही कोरलेला दगड

अंजूर म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अंजूर फाटा येतो. कंटेनरच्या रांगा, गोदामांचे पत्रे, भिवंडीच्या यंत्रमागांचा माल वाहणारे टेम्पो. गाव अंजूर मात्र फाट्यापासून दूर, उल्हास नदीच्या खाडीकाठी आहे. इतिहासात त्याचे नाव आले ते नाईकांमुळे. फिरंग्यांच्या जाचाची दाद मागायला पेशव्यांच्या दारी वर्षानुवर्षे खेटे घालणारे गंगाजी नाईक अंजूरकर इथले. साष्टीच्या मोहिमेत खाडीच्या वाटा, भरती-ओहोटीच्या वेळा आणि किनाऱ्यावरची भरवशाची माणसे त्यांनी मराठी फौजेला दिली. मार्च 1737 मध्ये ठाणे पडले आणि मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली.

वसईच्या तटाखाली माणसे फार पडली. सुरुंग उलटले, खंदक प्रेतांनी भरले. त्या माणसांच्या नावाचा दगड मात्र या मुलखात उभा राहिला नाही. त्या विजयाची आठवण वेगळ्या वस्तूंत साठली. नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले, चर्चमधल्या घंटा उतरवून घाटावरच्या देवळांत टांगल्या गेल्या आणि अंजूरकरांच्या घराण्याची कथा साष्टीच्या बखरीत उतरली. मेलेला शिपाई कागदातल्या एखाद्या ओळीत आला तर आला.

याच पाण्याने त्याच्या सुमारे पाचशे वर्षे आधी आणखी एक लढाई पाहिली होती. त्या वेळी मेलेल्याला दगड मिळत असे. अंजूरहून होडी खाली सोडली तर ठाणे, घोडबंदर करत ती वसईच्या मुखाशी समुद्राला लागते. तिथून दक्षिणेला वळले की गोराईची खाडी आणि तिच्या आतल्या अंगाला एक्सर. आज ते मुंबईच्या बोरिवली पश्चिमेत, इमारतींच्या पोटात गेले आहे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर 1882 मध्ये छापले गेले तेव्हा मात्र तिथे आंब्याची बाग होती, तळे होते आणि तळ्याच्या काठाला ओळीने सहा वीरगळ उभे होते. त्यांतले मोठे सुमारे 10 फूट उंचीचे. महाराष्ट्रात वीरगळांना तोटा नाही. सह्याद्रीच्या कुठल्याही जुन्या गावात देवळामागे चार-दोन सापडतात. पण ते बहुधा कमरेएवढे, फार तर छातीएवढे. 10 फुटी वीरगळांची अशी ओळ पाहणाऱ्याला हे साध्या गावकीचे काम नव्हे, यामागे दरबार उभा आहे, एवढे तरी कळतेच.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण आधी वरचा कलश पाहतात आणि कंटाळून निघून जातात. तळाच्या चौकटीत मरण असते, म्हणजे लढाई आणि तिच्यात पडलेला माणूस. अनेकदा आडवा पडलेला वीर आणि शेजारी गायींचा कळप दिसतो, कारण गावाची गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो मेलेला असतो. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून उचलून नेतात. त्याच्याही वर तो कैलासात बसून शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे स्मरण राहो. शब्द कन्नडातून आला, वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. गावकऱ्यांना या व्युत्पत्तीशी कर्तव्य नसते. त्यांच्या लेखी तो वीर असतो, वेताळ असतो, कुठे नुसता ‘बाबा’ असतो. त्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतो, आणि रात्री तो वेशीवर फिरतो असे म्हातारी माणसे सांगतात.

एक्सरच्या दगडांवर तळाच्या चौकटीत गायी नाहीत. काहींवर घोडेस्वार आणि धनुर्धारी आहेत, पण सगळ्यात वेगळे आहे ते पाणी. एका दगडाच्या तळाशी उंच नाळेची पाच जहाजे ओळीने निघाली आहेत. प्रत्येकावर डोलकाठी, आणि एका बाजूला नऊ-नऊ वल्ही. त्याच्या वरच्या पट्ट्यात जहाजे एकमेकांना भिडली आहेत आणि माणसे पाण्यात पडत आहेत. आणखी वर तेच मेलेले लोक हार घेऊन आलेल्या अप्सरांबरोबर ढगांतून शिवाकडे चालले आहेत. मध्ययुगातल्या भारतीय आरमारी लढाईचे इतके तपशीलवार दगडी चित्र दुसरीकडे क्वचितच मिळेल. कारागिराने नाळेचा बाक, वल्ह्यांचा तिरकसपणा, शिपायांची दाटी हे सारे बेताने कोरले आहे. तो समुद्रकाठचा असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. घाटावरच्या पाथरवटाला वल्ह्याचा तो कोन सुचला नसता.

मेलेल्यांच्या जागी दगडी माणसे उभी करण्याची सगळ्यांत मोठी परंपरा जगात चीनची. तिची ओळख करून घेतली की आपला दगड अधिक स्पष्ट दिसतो.

चिनी सम्राटाच्या थडग्याकडे जाणाऱ्या वाटेला शेनदाव म्हणतात, म्हणजे आत्म्याची वाट. वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दगडी पुतळे असतात. पेइचिंगजवळच्या मिंग सम्राटांच्या थडग्यांकडे जाणाऱ्या वाटेवर ते 36 आहेत. 24 प्राणी, 12 माणसे. सिंह, उंट, हत्ती, घोडे, आणि त्यांच्यासोबत छीलिन आणि श्येझी हे कल्पित पशू. प्रत्येक जातीची एक जोडी बसलेली, एक उभी. पुढे शस्त्रधारी सेनापती, मग हातात पट्टिका धरलेले दरबारी. 1435 मध्ये ही रांग उभी राहिली. नानचिंगला पहिल्या मिंग सम्राटाच्या थडग्याची वाट सरळ नाही. जुन्या राजाच्या थडग्याची टेकडी मध्ये येते म्हणून ती वळसा घालून जाते, आणि दगडी हत्ती त्या वळणाप्रमाणेच उभे आहेत.

या पुतळ्यांना कथा नाही. त्यांच्यापैकी कुणीही लढत नाही, पडत नाही, रडत नाही. दरबार भरला आहे आणि धनी अजून यायचा आहे, अशी ती शांतता. शीआनजवळच्या छ्यानलिंगला सम्राट गाओझोंग आणि सम्राज्ञी वू झेत्यान यांच्या थडग्यापुढे 61 परदेशी वकील हात जोडून उभे आहेत. कुणाच्या पाठीवर देश आणि नाव कोरले होते. त्यांतली थोडीच आता वाचता येतात, आणि बहुतेकांची मुंडकी तुटली आहेत. मुंडके नसलेल्या माणसांचा तो आदबशीर घोळका पाहिला की साम्राज्य म्हणजे काय हे पोटात उतरते.

चीनमध्येही दगडात लढाई सांगण्याचा मोह झालाच नाही असे नाही. हूणांशी लढलेला तरुण सेनापती हुओ छुबिंग इसवी सनापूर्वी 117 मध्ये वयाच्या चोविशीत वारला. त्याच्या थडग्यापाशी दगडाचा एक घोडा आहे आणि घोड्याच्या पोटाखाली चिरडलेला हूण, हातात धनुष्य घेतलेला. पुढे सातव्या शतकात तांग घराण्याच्या ताइझोंग सम्राटाने आपल्या थडग्यासाठी सहा घोडे कोरून घेतले. हे सारे त्याच्या मांडीखाली लढलेले घोडे. एकाच्या छातीत बाण रुतला आहे आणि एक सेनापती वाकून तो उपसतो आहे. दुसऱ्याच्या अंगात नऊ बाण. चिनी थडग्यांच्या साऱ्या संभारात आपल्या वीरगळाचा खरा भाऊ शोधायचा तर तो हाच. फरक इतकाच की तिथे नाव घोड्यांचे आहे. त्या सहांपैकी दोन फलक विसाव्या शतकाच्या आरंभी देशाबाहेर गेले, ते आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहेत. चार शीआनमध्ये उरले.

त्याच ताइझोंगच्या काळात चीनमधून निघालेला एक प्रवासी आपल्या मुलखात येऊन गेला. इसवी सन 641 च्या सुमारास ह्युएन त्संग पुलकेशीच्या महाराष्ट्रात होता. परत गेल्यावर त्याने इथल्या माणसांविषयी लिहिले ते मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. उपकाराला जागणारे, अपमानाचा सूड घेणारे, अडलेला शरण आला तर त्याच्यासाठी स्वतःला विसरणारे लोक. पण त्यातली एक गोष्ट वीरगळांसमोर उभे राहिल्यावरच नीट कळते. हरून आलेल्या सेनापतीला इथे दुसरी शिक्षा करीत नाहीत, त्याला बायकांची वस्त्रे देतात, आणि मग तो स्वतःच मरण शोधतो, असे त्याने नोंदवले आहे. ज्या समाजात हरून जगणे मरणाहून अवघड होते, तिथे लढून मेलेल्याला कैलासात बसवणारा दगड का उभा राहतो, हे या परक्या भिक्षूने कित्येक शतके आधीच सांगून ठेवले.

आता 1265 च्या आसपासच्या कोकणात येऊ.

उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य साडेचार शतके चालले होते. ठाण्याचे जुने नाव स्थानक, ती त्यांची राजधानी. अंबरनाथचे शिवालय त्यांच्या काळातले, शके 982 चे. राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून सुरुवात केलेल्या या घराण्याने पुढे समुद्रावर पोट भरले. बंदरांचा महसूल, घोड्यांचा व्यापार, अरबी आणि पारशी व्यापाऱ्यांची वर्दळ. वरून मात्र यादवांचा दाब वाढत गेला. देवगिरीला पठार होते, पैसा होता, हत्तीदळ होते. कोकणचा राजा सोमेश्वर याच्याकडे जहाजे होती. त्याचे रानवड आणि चांजे येथले कोरीव लेख शके 1181 आणि 1182 चे, म्हणजे 1259 आणि 1260 चे. दोन्ही गावे उरणजवळची, समुद्राच्या वाऱ्यातली. पुढच्याच वर्षी देवगिरीच्या गादीवर महादेव यादव बसला.

यादवांनी कोकणात उतरण्याचा प्रयत्न आधीही केला होता, तो फसला. महादेवाने हत्ती घेऊन स्वारी केली. जमिनीवर सोमेश्वराचा टिकाव लागेना, तेव्हा तो जहाजांवर चढला. हत्ती पाण्यात येणार नाहीत हा त्याचा हिशेब बरोबर होता. पण महादेवानेही जहाजे मिळवली होती. किनाऱ्यापासून जवळच कुठेतरी गाठ पडली आणि सोमेश्वर बुडाला.

ही हकीकत आपल्याला कळते ती जिंकलेल्याच्या प्रधानाकडून. महादेवाचा श्रीकरणाधिप हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी यादवांची प्रशस्ती घातली आहे. तीत तो सोमेश्वराच्या बुडण्याला अलंकार चढवतो. समुद्राच्या पोटात वडवाग्नी असतो, पण महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा तोच सोमेश्वराला सुसह्य वाटला, असा तो आशय. कवित्व चांगले आहे. वाचताना मला मात्र राग येतो. एका राजाचे पाणी नाकातोंडात जाऊन झालेले मरण, साडेचारशे वर्षांच्या राज्याचा शेवट, आणि त्याची किंमत एका उपमेइतकी! एक्सरच्या दगडाने तोच प्रसंग अलंकाराशिवाय सांगितला. जहाजे, वल्ही, पाण्यात पडणारी माणसे.

गॅझेटियरने या दगडांचा काळ अकराव्या शतकाकडे नेला होता. नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः शिलाहारांचे सारे लेख एकत्र संपादित करणारे वा. वि. मिराशी यांनी, त्यांची सांगड सोमेश्वराच्या शेवटच्या लढाईशी घातली. मलाही तेच पटते. इतकी जहाजे, इतका खर्च, इतकी उंची मामुली चाचेगिरीच्या चकमकीसाठी कुणी उभी करीत नाही.

सोमेश्वराच्या बुडण्यानंतर जेमतेम चौदा वर्षांनी, 19 मार्च 1279 रोजी, चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर यामन येथे आणखी एक राज्य समुद्रात बुडाले. सोंग घराणे. मंगोलांनी राजधानी घेतली होती. उरलेला दरबार जहाजांवर राहत होता. सेनापतीने हजारभर जहाजे साखळदंडांनी एकमेकांना बांधली, जणू पाण्यावरचा किल्ला. तो किल्ला फुटला तेव्हा लू श्यूफू नावाच्या प्रधानाने सात-आठ वर्षांच्या बालसम्राटाला पाठीशी बांधून समुद्रात उडी घेतली.

या दोन बुडण्यांत एकमेकांशी संबंध काहीच नाही. पण नंतर काय उरले ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. सोंगांचे आधीचे सम्राट हनान प्रांतात गोंगयी येथे पुरले होते. तिथे नियम असा की सम्राट वारला की सात महिन्यांच्या आत थडगे आणि पुतळ्यांची सारी रांग तयार झाली पाहिजे. माहुतासह हत्ती, नजराणे घेतलेले परदेशी वकील, वाघ, मेंढे, दरबारी, सरदार. 1127 मध्ये उत्तरेचा मुलूख जिन लोकांच्या हाती गेला आणि थडगी लुटली गेली. पुतळे होते तसेच उभे राहिले, आणि आजही तिथल्या गव्हाच्या शेतांत ते कमरेइतक्या पिकात उभे असतात. दक्षिणेत पळालेल्या सम्राटांना शाओशिंगजवळ तात्पुरते पुरले. उत्तर परत घेऊ आणि मग नीट समारंभाने नेऊन ठेवू, या आशेवर. म्हणून तिथे दगडी पहारा ठेवलाच नाही. मंगोल आले तेव्हा ती थडगी फोडली गेली, आणि लिझोंग सम्राटाच्या कवटीचा प्याला केला गेला. शंभर वर्षांनी पहिल्या मिंग सम्राटाने ती कवटी शोधून परत पुरली. नानचिंगला वळसा घेणारी हत्तींची वाट त्याचीच. मेलेल्या राजाची अशी विटंबना ज्याच्या कानांवर आहे, त्याने आपल्या थडग्यापुढे पहारा उभा केला तर नवल नाही.

आपल्याकडे राजाला थडगे नव्हते. राजा जळतो, राख पाण्यात जाते. राखण करायला मागे काही उरत नाही. म्हणून इथे दगडाचे काम उलटे झाले. चीनमध्ये दगडी माणूस मेलेल्याची राखण करतो. कोकणात मेलेला माणूस दगड होऊन जिवंतांची राखण करतो. वेशीवरच्या वीराला आपण राखणदार म्हणतो, आणि तो शब्द शब्दशः घेतो. पेरणीआधी त्याला विचारतो, लग्नाआधी त्याला पान ठेवतो. सम्राटाच्या वाटेवरच्या सेनापतीला कुणी कधी नारळ दिला असेल असे वाटत नाही.

शिलाहारांच्या काळात राखणीच्या दगडाचा आणखी एक प्रकार याच भागात होता, तो गधेगळ. राजाने गाव किंवा जमीन दान दिली की दानाचा लेख दगडावर कोरत. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरे, आणि खाली गाढव आणि स्त्री यांचे अश्लील चित्र. हे दान जो मोडील त्याच्या आईवर हा प्रसंग येवो, अशी शिवी. वाचता न येणाऱ्यालाही ती कळे. अलिबागजवळ आक्षी येथला असा लेख शके 934 चा. आणि भिवंडी तालुक्यात, लोनाडजवळच्या चौधरपाड्याचा लेख शके 1161 चा, केशिदेव दुसरा याच्या काळचा, ब्रह्मपुरी गावाच्या दानाचा. सोमेश्वर बुडण्याच्या फक्त पंचवीस वर्षे आधी, अंजूरपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर, ही शिवी दगडात कोरून उभी केली गेली. पुढच्या राजानेही दान पाळावे म्हणून.

1272 मध्ये, शके 1194 ला, ठाण्याच्या ताम्रपटात कोकणचा कारभारी म्हणून अच्युत नायकाचे नाव येते, आणि त्याचा धनी देवगिरीचा रामचंद्र यादव. सात वर्षांत सगळे रुळले होते. दान तसेच, ब्राह्मण तसेच, चंद्र-सूर्य तसेच. 1290 च्या दशकात मार्को पोलो ठाण्याविषयी लिहितो तेव्हा त्याला दिसते ते कातडे, सुती कापड, घोड्यांची जहाजे, आणि घोड्यांत वाटा घेऊन चाच्यांना मोकळे सोडणारा राजा. शिलाहारांचे नाव त्याच्या कानांवर पडत नाही.

सोमेश्वराच्या आधीच्या शिलाहार राजांनी देवळे बांधली, ताम्रपट दिले. सोमेश्वराच्या मरणाचे म्हणून जे उरले ते एका तळ्याकाठचे सहा दगड. त्यांवर त्याचे नाव नाही. लेखाची काही अक्षरे होती, ती झिजली. आंब्याची बाग गेली, आणि जिथे गाव होते तिथे लिफ्टच्या इमारती आल्या. एक्सरचे लोक या दगडांना देव मानत आले. त्यांच्यावर शेंदराचे थर चढले, रंग चढले, फुले वाहिली गेली. पुरातत्त्ववाल्यांना शेंदराचा त्रास होतो हे खरे. पण शेंदूर नसता तर 10 फुटी घडीव दगड मुंबईसारख्या शहरात पायऱ्यांना किंवा जोत्याला कधीच लागला असता.

तळाच्या पट्ट्यातली ती पाच जहाजे उजेड तिरका पडला की नीट दिसतात. नाळ, डोलकाठी, आणि काठाबाहेर आलेली वल्ही, नऊ. वल्हवणारे आत दडले आहेत. वर गेलेल्या, अप्सरांनी हात दिलेल्या माणसांत ते आहेत की नाहीत, हे कारागिराने कोरलेले नाही.